८२८ पिक्सेलचा वाद: आयफोन एक्सआरचा पडदा आणि ग्राहकाची निवड

१२ सप्टेंबर २०१८ रोजी ॲपलने तीन नवे आयफोन जाहीर केले. त्यांपैकी एक्सएस आणि एक्सएस मॅक्स यांना ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो असा) पडदा होता. तिसऱ्या आणि तुलनेने स्वस्त अशा एक्सआरला मात्र ६.१ इंची एलसीडी (मागून प्रकाश पुरवावा लागणारा) पडदा देण्यात आला. त्याचे रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरील ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्या, १७९२ गुणिले ८२८ पिक्सेल, म्हणजे दर इंचाला ३२६ पिक्सेल इतके होते, आणि ही घनता २०१० सालच्या आयफोन ४ मध्येही नेमकी एवढीच होती. २६ ऑक्टोबरला एक्सआर भारतात विक्रीला आला तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत ७६,९०० रुपये होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत १३,९९९ रुपयांना आलेल्या रेडमी नोट ५ प्रोचा पडदा २१६० गुणिले १०८० पिक्सेलचा होता, तर एक्सआरनंतर काही दिवसांतच ३७,९९९ रुपयांना आलेल्या वनप्लस ६टीचा २३४० गुणिले १०८० चा. रेडमीच्या साडेपाचपट किंमत मोजून जवळपास दोन-तृतीयांशच पिक्सेल घ्यायचे, ही गोष्ट अनेकांना अपमानास्पद वाटली, आणि ‘हा पडदा साधा फुल एचडीसुद्धा (म्हणजे रुंदीत १०८० पिक्सेलचासुद्धा) नाही’ हे वाक्य त्या काळातल्या जवळपास प्रत्येक परीक्षणात कोणत्या ना कोणत्या रूपात येत राहिले.

स्मार्टफोनला ग्राहक मिळवण्यासाठी अधिकाधिक रिझोल्यूशनचा पडदा लागतो का, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक्सआरइतके सोयीचे प्रकरण दुसरे सापडत नाही. आक्षेप स्पष्ट होता, आकडे उघड होते, आणि पुढच्या दोन वर्षांत पडद्यात काहीही बदल न होता किंमत मात्र बदलत गेली, त्यामुळे दोन कारणे वेगवेगळी करून पाहता येतात.

८२८ हा आकडा आला कुठून

ॲपलने एवढा विचित्र आकडा का निवडला असावा, हे आधी पाहिले पाहिजे, कारण ‘पैसे वाचवायला’ हे उत्तर अपुरे आहे. आयफोनवरील ॲप तयार करणारे लोक प्रत्यक्ष पिक्सेलमध्ये मांडणी करत नाहीत. ते ‘पॉइंट’ या एककात मांडणी करतात आणि प्रत्येक पॉइंटसाठी पडद्यावर लांबीत आणि रुंदीत प्रत्येकी दोन किंवा तीन पिक्सेल वापरले जातात. एक्सएस मॅक्सची मांडणी ४१४ गुणिले ८९६ पॉइंटची आहे. तिची तिप्पट केली की १२४२ गुणिले २६८८ हे त्याचे रिझोल्यूशन मिळते, आणि दुप्पट केली की ८२८ गुणिले १७९२, म्हणजे नेमका एक्सआरचा पडदा. दोन्ही फोनवर ॲपची मांडणी एकच राहते. मध्येच १०८० चा पडदा घातला असता तर गुणक सुमारे २.६ आला असता, चित्र आधी मोठे काढून नंतर लहान करावे लागले असते आणि बारीक रेषांच्या कडा थोड्या पुसट झाल्या असत्या. आयफोन ६ प्लसमध्ये ॲपलने हा मार्ग पत्करलाही होता: तिथे चित्र २२०८ गुणिले १२४२ वर काढून १९२० गुणिले १०८० च्या पडद्यात बसवले जात असे. त्यामुळे एक्सआरच्या पडद्यापुढे सरळ असे दोनच पर्याय होते, दर इंचाला ३२६ पिक्सेल किंवा त्याच्या दीडपट, आणि स्वस्त फोनसाठी पहिला पर्याय निवडला गेला, असा माझा निष्कर्ष आहे.

या निवडीचा एक लाभ थेट ग्राहकाच्या हातात पडला. एक्सएस आणि एक्सआर या दोघांतही ए१२ बायोनिक हाच प्रोसेसर होता, पण एक्सआरमध्ये त्याला प्रत्येक क्षणी जवळपास निम्मेच पिक्सेल रंगवायचे होते, आणि बॅटरीही थोडी मोठी होती. ॲपलने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार एक्सएसवर व्हिडिओ १४ तास चालत असे आणि एक्सआरवर १६ तास. इंटरनेट वापराच्या बाबतीत हा फरक १२ आणि १५ तासांचा होता. त्या वर्षीच्या तिन्ही आयफोनमध्ये सर्वांत जास्त टिकणारी बॅटरी सर्वांत कमी रिझोल्यूशनच्या फोनची होती.

डोळ्याला दिसते किती

पिक्सेलची घनता किती पुरेशी आहे हे फोनवर ठरत नाही. ते डोळा आणि पडदा यांच्यातील अंतरावर ठरते. ज्याला आपण सहा बाय सहा नजर म्हणतो, तिला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे दिसतात. यावरून गणित केले तर पडदा ३० सें.मी. अंतरावर असताना दर इंचाला सुमारे २९० पिक्सेलपुढे ठिपके एकमेकांत मिसळतात. २५ सें.मी.वर हीच मर्यादा सुमारे ३५० वर जाते. २०१० मध्ये आयफोन ४ सादर करताना स्टीव्ह जॉब्स यांनी १० ते १२ इंच अंतरासाठी ३०० च्या आसपासचा आकडा सांगितला होता, तो याच गणितातून आलेला होता.

त्यावर आक्षेपही लगेच आला. डिस्प्लेमेट या संस्थेचे रेमंड सोनेरा यांनी दाखवून दिले की निरोगी डोळ्याची क्षमता सहा बाय सहापेक्षा बरीच अधिक असू शकते आणि १२ इंचांवर खऱ्या अर्थाने मर्यादा गाठायची तर दर इंचाला ४७७ पिक्सेल लागतील. दोघांचेही गणित बरोबर आहे, फक्त गृहीत धरलेले डोळे वेगळे आहेत. एक्सआरचा पडदा या दोन मर्यादांच्या दरम्यान येतो. सर्वसाधारण नजरेचा माणूस तो फोन हातभर अंतरावर धरून वाचत असेल तर त्याला पिक्सेल दिसणार नाहीत. तीक्ष्ण नजरेचा तरुण बारीक अक्षर जवळून पाहील तर एक्सएसच्या तुलनेत त्याला अक्षरांच्या कडा किंचित कमी रेखीव वाटू शकतील. चाळिशी ओलांडलेला आणि फोन लांब धरून, अक्षर मोठे करून वाचणारा माणूस मात्र या वादाच्या पूर्णपणे बाहेर आहे, आणि ७५ हजारांचा फोन घेणाऱ्यांत असे लोक थोडे नसतात.

आणखी एक बाब परीक्षणांमध्ये फारशी नीट मांडली गेली नाही, आणि मला ती महत्त्वाची वाटते. एलसीडी पडद्यावर प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन पूर्ण उपपिक्सेल असतात. एक्सएससारख्या ओएलईडी पडद्यांत मात्र प्रत्येक पिक्सेलमागे सरासरी दोनच उपपिक्सेल असतात, हिरवे पूर्ण आणि लाल व निळे निम्मे. एक्सआरचे १४.८ लाख पिक्सेल आणि एक्सएसचे २७.४ लाख पिक्सेल अशी तुलना केली की दुसरा जवळपास दुप्पट वाटतो. उपपिक्सेल मोजले तर एक्सआरचे सुमारे ४४.५ लाख आणि एक्सएसचे सुमारे ५४.८ लाख भरतात, म्हणजे अंतर चतुर्थांशाहून कमी उरते. जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबून दोन वेगळ्या तंत्रांच्या पडद्यांची तुलना करणे किती फसवे आहे, याचे हे चांगले उदाहरण आहे. अर्थात याच न्यायाने रेडमी नोट ५ प्रोच्या एलसीडीवर ७० लाख उपपिक्सेल होते, तेव्हा स्वस्त फोनशी केलेल्या तुलनेतला आक्षेप तसाच उभा राहतो हेही मान्य केले पाहिजे. काळ्या रंगाची गडदता, कडेची जाड चौकट आणि कॉन्ट्रास्ट या बाबतीतही एक्सआर एक्सएसच्या मागेच होता, आणि तो फरक पिक्सेलच्या फरकापेक्षा कितीतरी सहज डोळ्यांना दिसणारा होता.

बाजाराने काय केले

सुरुवातीचे महिने एक्सआरसाठी चांगले नव्हते, असे चित्र उभे राहिले. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्पादन कमी केल्याच्या बातम्या आल्या. ॲपलचे अधिकारी ग्रेग जॉस्वियाक यांनी विक्रीला आल्यापासून रोज एक्सआर हाच कंपनीचा सर्वाधिक लोकप्रिय आयफोन असल्याचे सांगितले, तरी २ जानेवारी २०१९ रोजी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना गुंतवणूकदारांना पत्र लिहून तिमाहीच्या महसुलाचा अंदाज ८९ ते ९३ अब्ज डॉलरवरून ८४ अब्ज डॉलरवर आणावा लागला. पत्रात मुख्य कारण चीनमधील मंदावलेली मागणी हे होते. पडद्यावर टीका करणाऱ्यांना मात्र आपले म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले.

त्यानंतर घडले ते या प्रकरणाचे सार आहे. पडदा तोच राहिला आणि किंमत उतरली. चीनमध्ये जानेवारीपासूनच विक्रेत्यांनी किमती कमी केल्या. भारतात एप्रिल २०१९ मध्ये ७६,९०० चा फोन ५९,९०० रुपयांवर आला, आणि एका बँकेच्या कार्डावर त्यातही दहा टक्के परत मिळत होते. सप्टेंबरमध्ये आयफोन ११ आला तेव्हा एक्सआर ४९,९०० वर उतरला. त्याच वर्षी चेन्नईजवळच्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात त्याची जुळणीही सुरू झाली. आयात केलेल्या फोनवर त्या वेळी २० टक्के सीमाशुल्क होते, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे वजन कळते. काउंटरपॉइंट या बाजार-संशोधन संस्थेच्या अहवालांनी २०१९ च्या अखेरीस भारतात ॲपलची विक्री सावरण्याचे श्रेय एक्सआरच्या किंमत-कपातीलाच दिले.

ओम्डिया या संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सर्वाधिक पाठवला गेलेला स्मार्टफोन एक्सआर होता, सुमारे ४ कोटी ६३ लाख नग. दुसऱ्या क्रमांकावर आयफोन ११ होता, ३ कोटी ७३ लाख नगांसह, आणि त्याचा पडदाही १७९२ गुणिले ८२८ चाच होता. तिसऱ्या क्रमांकावरील सॅमसंग गॅलेक्सी ए१० चा पडदा तर १५२० गुणिले ७२० पिक्सेलचा होता. ज्या वर्षी १५ हजारांच्या फोनवरही फुल एचडी ही किमान अपेक्षा मानली जात होती, त्या वर्षी जगातल्या पहिल्या तीन फोनपैकी एकही फुल एचडी नव्हता. २०२० मध्ये आयफोन ११ याच पडद्यासह सुमारे ६ कोटी ४८ लाख नगांपर्यंत गेला.

यातून निघणारा अर्थ नेमका मांडायला हवा. ग्राहकांना पडद्याची पर्वा नव्हती असे यावरून सिद्ध होत नाही. ३२६ पिक्सेलची घनता बहुतेकांना वापरात खुपत नव्हती, आणि २०१८ च्या अखेरीस जो आक्षेप रिझोल्यूशनच्या भाषेत व्यक्त झाला तो प्रत्यक्षात किमतीवरचा आक्षेप होता, एवढे मात्र यातून नक्की दिसते. घासाघीस करताना माणूस वस्तूतला एखादा मोजता येण्याजोगा उणेपणा पुढे करतो, तसा १०८० हा आकडा ग्राहकाच्या हाती आयता सापडला होता. किंमत ४९,९०० वर आल्यावर तोच आकडा चर्चेतून जवळपास नाहीसा झाला.

ॲपलला जमले ते इतरांना जमेल का

या प्रकरणातून इतर कंपन्यांनी धडा घेताना एक मोठी सावधगिरी बाळगली पाहिजे. आयफोन घेणारा माणूस केवळ पडदा विकत घेत नाही. त्याला आयओएस, अनेक वर्षे मिळणारे अपडेट आणि जुन्या फोनला मिळणारी चांगली किंमत हवी असते, आणि हे सर्व दुसऱ्या कोणत्याही फोनमध्ये एकत्र मिळत नाही. अँड्रॉइड फोन घेणाऱ्यापुढे मात्र फ्लिपकार्ट किंवा ॲमेझॉनवर एकाच किमतीचे दहा फोन शेजारी शेजारी उभे असतात, सगळ्यांची कार्यप्रणाली एकच असते, आणि निवड करायला त्याच्याजवळ तक्त्यातल्या आकड्यांपलीकडे फारसे काही नसते. तिथे ‘फुल एचडी प्लस’ (लांबट पडद्यावरचे फुल एचडी) हे शब्द नसतील तर फोन यादीतून आधीच गळू शकतो. म्हणून अँड्रॉइड कंपन्यांसाठी रिझोल्यूशन ही एक पायरी आहे, तिथपर्यंत चढणे भाग असते.

त्या पायरीच्या वर किती चढायचे, याचे उत्तर मात्र या कंपन्यांनी स्वतःच दिले आहे. एलजीने २०१४ मध्ये जी३ मध्ये २५६० गुणिले १४४० चा पडदा दिला. सॅमसंगनेही हीच वाट धरली, परंतु २०१७ च्या गॅलेक्सी एस८ मध्ये एवढा पडदा असूनही फोन सुरू केल्यावर तो मुळात फुल एचडी प्लसवरच चालत असे, आणि २०२१ मध्ये एस२१ व एस२१ प्लस यांतून तो पडदा काढूनच टाकण्यात आला, केवळ अल्ट्रामध्ये ठेवला गेला. सोनीची हकीकत अधिक बोलकी आहे. २०१५ च्या एक्सपीरिया झेड५ प्रीमियममध्ये सोनीने दर इंचाला ८०६ पिक्सेलचा ४के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचा) पडदा दिला, पुढे एक्सपीरिया १ मालिकेतही वर्षानुवर्षे ४के जपले, आणि २०२४ च्या एक्सपीरिया १ सहा या फोनमध्ये ते सोडून फुल एचडी प्लसवर परत आली. इतक्या घनतेचा खरा उपयोग फोन डोळ्यांसमोर चष्म्यासारखा बांधून आभासी वास्तव पाहताना होता, आणि तो प्रकारच फोनच्या बाबतीत मागे पडला.

वापराची बाजूही या निष्कर्षाला पुष्टी देते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाल्यावर नेटवर्कवरील भार कमी करण्यासाठी भारतातील व्हिडिओ सेवांनी मोबाइल डेटावरील चित्राचा दर्जा ४८० ओळींपर्यंत मर्यादित केला. त्या काळात मोबाइल डेटावर व्हिडिओ पाहणाऱ्याच्या हातात १४४० चा पडदा असला काय किंवा ७२० चा असला काय, येणारे चित्र सारखेच होते.

खालच्या टोकाला पाहिले पाहिजे

एक्सआरवरून झालेल्या या सगळ्या चर्चेबद्दल माझी खरी तक्रार अशी आहे की ती चुकीच्या टोकाला झाली. दर इंचाला ३२६ की एक्सएससारखे ४५८ हा प्रश्न ७५ हजार आणि लाखभर रुपयांच्या फोनचा होता, आणि तिथे डोळ्याला फारसा तोटा नव्हता. तोटा होत होता तो सात-आठ हजारांच्या फोनवर, कारण तिथे पडदा मोठा होत गेला आणि पिक्सेल मात्र वाढले नाहीत. रिअलमीने मे २०१८ मध्ये ६ इंची फुल एचडी प्लस पडद्याचा रिअलमी १ आणला, आणि ऑगस्टमध्ये त्याच सुरुवातीच्या किमतीला आणलेल्या रिअलमी २ मध्ये ६.२ इंची पडदा १५२० गुणिले ७२० वर उतरवला. सप्टेंबर २०२० मध्ये ६,७९९ रुपयांना आलेल्या रेडमी ९ए चा पडदा ६.५३ इंची आणि १६०० गुणिले ७२० पिक्सेलचा होता, म्हणजे दर इंचाला सुमारे २६९ पिक्सेल. त्याच आकाराचा फुल एचडी प्लस पडदा रेडमी नोट ९ मध्ये मिळत होता, पण त्यासाठी ११,९९९ रुपये मोजावे लागत.

हे आकडे देवनागरीच्या वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहिले पाहिजेत. रोमन अक्षर बहुतांशी एका ओळीच्या उंचीत मावते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार असतो, खाली उकार असतो, आणि मध्ये द्ध, द्व, ट्ठ, ष्ट्र यांसारखी जोडाक्षरे एकाच अक्षराच्या जागेत बसवलेली असतात. ‘र्त्सें’ किंवा ‘द्वृ’ यांसारखी अक्षरे लहान आकारात वाचता येतात की नाही, हे त्या थोडक्या जागेत पडद्याकडे किती ठिपके आहेत यावर अवलंबून असते.

आता २०२०-२१ मधल्या महाराष्ट्रातल्या घराघरांतली परिस्थिती पाहा. शाळा बंद होत्या आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात फोनवर उघडली जात होती. पीडीएफचे पान छापील आकाराचे असते, ते फोनच्या रुंदीप्रमाणे स्वतःची मांडणी बदलत नाही. पान आठ इंच रुंद धरले आणि ६.५ इंची फोन उभा धरून ते पूर्ण रुंदीत बसवले, तर पान एक तृतीयांश होते आणि १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे उरते. ७२० पिक्सेलच्या पडद्यावर त्या अक्षराच्या पूर्ण उंचीसाठी, मात्रा आणि उकारासकट, सुमारे १५ पिक्सेल मिळतात. १०८० च्या पडद्यावर २२ मिळतात. लहान अक्षर वाचण्यासाठी मूल साहजिकच फोन जवळ ओढते, आणि मुलांच्या डोळ्यांना इतक्या जवळून पाहणे जमतेही. पण २० सें.मी. अंतरावर सहा बाय सहा नजरेची मर्यादा दर इंचाला सुमारे ४३७ पिक्सेलवर जाते. २६९ चा पडदा तिथे उघडपणे अपुरा पडतो, ठिपके दिसू लागतात, आणि अनुस्वार आहे की मात्रेचे टोक, हे ओळखण्यासाठी पान बोटांनी मोठे करून ओळ सरकवत सरकवत वाचावी लागते. एक्सआरच्या ग्राहकाला ज्या फरकासाठी परीक्षकांनी सावध केले त्याच्या कितीतरी पट मोठा फरक इथे होता, आणि त्याविषयी सावध करणारे फारसे कोणी नव्हते.

या विभागात रिझोल्यूशनवरून ग्राहक गमावण्याची भीती कंपन्यांना नव्हती, हे गॅलेक्सी ए१० च्या आकड्यांवरून दिसतेच. पाच हजार रुपयांचा फरक सोसण्याची ऐपत नसलेला ग्राहक ७२० चा पडदा नाकारू शकत नाही, कारण नाकारून जायचे कुठे हा प्रश्न त्याच्यापुढे असतो. म्हणून विक्रीचे आकडे पाहून ‘लोकांना एवढे रिझोल्यूशन पुरते’ असा निष्कर्ष एक्सआरच्या बाबतीत काढता येतो, पण ए१० च्या किंवा ९ए च्या बाबतीत तसा काढता येत नाही. एक्सआर घेणाऱ्याने पर्याय समोर असताना तो पडदा स्वीकारला होता. स्वस्त फोन घेणाऱ्या पालकाला दुकानात उभे राहून करता येण्याजोगी गोष्ट एवढीच की पाठ्यपुस्तकाचे एक पान फोनवर उघडावे, ते पूर्ण रुंदीत ठेवावे, मुलाच्या हातात द्यावे आणि त्याला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगावे.